पहिली खेप

पटाशी खण्णकन वाजली आणि जहीर मिस्त्रीचा हात जागच्या जागी थांबला.

समोर पत्र्याच्या शेडखाली नाव पालथी घातलेली होती. चौदा-पंधरा हात लांब, तळाला डांबराचे थर आणि डांबरावर कुठल्या काळातला कडबा चिकटलेला. तळाच्या फळ्या बाभळीच्या खुंट्यांनी जोडलेल्या दिसत होत्या. त्यातली एक कुजली होती म्हणून जहीर ती कोरून काढत होता. बोटाच्या पेराएवढं लाकूड निघालं आणि खाली लोखंड लागलं.

त्यानं शेजारची खुंटी कोरली. तिच्याखालीही तेच. मग तिसरी, चौथी. एका ओळीत नऊ खिळे निघाले, गंजून काळे पडलेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर अंगठ्याएवढा बाभळीचा तुकडा बेमालूम बसवलेला. वरून पाहणाऱ्याला खुंटीच वाटावी. त्या नऊ खिळ्यांच्या ओळीवरूनच फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती.

"कोन्या हरामखोरानं केलं हे?" जहीर मोठ्यानं म्हणाला. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

नावेच्या तळाला खिळा मारत नाहीत, हे त्याला बापानं शिकवलं होतं. बाप म्हणजे गफूर मिस्त्री. जहीरला कळायला लागल्यापासून बापानं एकही नाव बांधली नव्हती. बाळापुरात त्याने दरवाजे केले, बाजा केल्या, बैलगाडीची जुवं केली. पण कधी लहर लागली की नावेबद्दल बोलायचा. "लाकूड पान्यात फुगते. खुंटी लाकडाचीच, ते बी फुगते अन् भोक आवळून धरते. खिळ्याले फुगनं माईत नाई. फळी फुगाले गेली का खिळा तिले जागा देत नाई, मंग ते फाटते." एवढं बोलून तो गप्प व्हायचा आणि पुढचे दोन दिवस घरात कोणाशी बोलायचा नाही.

ही नाव पायल मॅडमनं आणली होती. दर्यापूरच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी तिशीच्या आतली मुलगी. पूर्णा नदीवर पूल नव्हते तेव्हा कुठे कुठे नावा चालत, कोण चालवत, कोण बांधत, हे ती गावोगाव हिंडून लिहून घेत होती. कॉलेजात प्रदर्शन भरवायचं होतं. लोक तिला हसत. समुद्र इथून शेकडो कोस लांब, आणि ही बाई वऱ्हाडात नावा शोधते! अकोल्याच्या लाकूडबाजारात तिनं "नाव दुरुस्त कोण करतं" असं विचारलं तेव्हा एका आरागिरणीवाल्यानं तिला मुंबईची गाडी पकडायला सांगितलं होतं. शेवटी कोणीतरी बाळापूरच्या जहीरचं नाव घेतलं, त्याच्या घरात पूर्वी नावा बांधत म्हणून. एक दिवस टेम्पोत घालून ही नाव दारात हजर. "दहीघाटची आहे, गोठ्यात कडब्यामागे सापडली," एवढंच ती म्हणाली होती.

दहीघाट म्हटल्यावर जहीरच्या कपाळावर आठी पडली होती. ते त्याचं मूळ गाव. पण घाटावर एक का नाव होऊन गेली असेल! त्याच्या घराला माहीत असलेली नाव तर केव्हाच पुरात वाहून गेली होती. सगळं गाव तसंच सांगत होतं.

आता मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. तो नावेच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे गेला आणि तिथलं डांबर खरवडू लागला. वीतभर जागा मोकळी झाली आणि तीन खुंट्या दिसल्या, दोन खाली, एक वर. तिकडी. घरातल्या बाजेवर होती, दुकानाच्या दरवाजावर होती. गफूर मिस्त्रीची सही होती ती. सहीची अक्षरं त्याला येत नव्हती म्हणून त्यानं तीन खुंट्यांची सही केली होती.

जहीरनं पायलला फोन लावला. "मॅडम, हे नाव कोनाची?"

"माझ्या आजोबांचीच. डोमाजी इंगळे. ते अकोल्याला डोळ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात आहेत, त्यांना अजून सांगितलं नाही मी. का हो, काही झालं का?"

फोन चालूच राहिला आणि जहीर पालथ्या नावेला पाठ टेकून खाली बसला. ज्या माणसाचं नाव त्याच्या घरात अठ्ठेचाळीस वर्षं थुंकून घेतलं गेलं, त्याची नाव त्याच्या शेडखाली होती, आणि तिच्या तळातले खिळे त्याच्या बापाचे होते.

घरात सांगत ती गोष्ट अशी. जहीर तेव्हा जेमतेम दीड महिन्याचा होता. त्याला एक बहीण होती, यास्मीन, नऊ वर्षांची. दरवर्षी पावसाळ्यात नाव दुरुस्त होऊन पाण्यात उतरली की पहिल्या खेपेला मिस्त्रीच्या घरचं माणूस बसायचं. मिस्त्री स्वतः, नाहीतर भाऊ, बायको, लेकरू, पण घरचंच. चपला काठावर काढायच्या, नावेला पाण्याचा हात लावायचा आणि बसायचं. पलीकडच्या काठावर उतरलं की त्या माणसानं ओरडायचं, "पोचलीऽऽ!" इकडून मिस्त्री हात वर करायचा. मग ती नाव गावाची. त्या साली यास्मीननं हट्ट धरला. बाजाराचा दिवस होता, पूर ओसरून दोन दिवस झाले होते, लोक आठवडाभर अडकून पडलेले. मिस्त्रीच्या पोरीसोबत तेरा जण शिरले. गफूर मिस्त्री पोरीच्या चपला हातात धरून काठावर ओरड्याची वाट पाहत उभा राहिला. नाव मध्ये गेली आणि भरली. तेरा जण पोहून, ओढून, कसेबसे निघाले. यास्मीन निघाली नाही.

पंचायतीत फार चर्चा करावी लागली नाही. नाव कच्ची असती तर बापानं पोटची पोर तिच्यात बसवली असती का? एवढं एकच वाक्य पुरलं. शिवाय डोमाजी बौद्धपुऱ्यातला, घाटावर नाव चालवण्याचा ठेका त्याला मिळाल्यापासून काही जणांच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्याच होत्या. डोमाजीनं स्वतःच कबूल केलं, बारा माणसांच्या नावेत मी चौदा भरले. ठेका गेला, नाव गेली, आणि त्याचं नाव पडलं 'बुडव्या डोमा'. गफूर मिस्त्री बायको आणि तान्ह्या पोराला घेऊन बाळापूरला आला आणि मरेपर्यंत दहीघाटचं पाणी प्यायला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक म्हातारा रस्त्यावरून शेडकडे आला. डोळ्यावर दवाखान्याचा काळा चष्मा, अंगात पांढरा सदरा, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. तो इतक्या घाईनं येत होता की चहाच्या टपरीवरचे लोक वळून पाहत होते.

"जहीर मिस्त्री तूच काय?" त्यानं लांबूनच विचारलं. "नावेले हात लावला काय तू?"

म्हातारा जवळ आला. त्यानं नावेवरून हात फिरवत फिरवत नेला आणि कोरलेल्या भोकांपाशी बोटं थांबली. एक, दोन, तीन करत तो नऊपर्यंत गेला. मग त्यानं काठी भिंतीला टेकवली.

"पाह्यलं तं तू," तो म्हणाला. "काल रात्री पायलनं सांगतलं, बाळापूरच्या जहीरकडे देली म्हनून. मले झोप नाई. डॉक्टर सोडत नोता, मी निंगून आलो."

"बसा," जहीर म्हणाला. या माणसाला आपण बसा म्हणतो आहोत याचंच त्याला नवल वाटलं. "तुमाले माईत होतं?"

"चवथ्या दिवशी सापडली मले नाव. दोन कोस खाली, बाभळीच्या झुडपात अटकली होती. मी पाह्यलं, फळी चिरली. एका रेघेत चिरली. मंग मी खुंटी काढून पाह्यली." डोमाजीनं चष्मा काढला, लाल डोळा पुसला आणि परत घातला. "बैलगाडीत टाकून आनली अन् कडब्यामांगं ठेवली. गावाले सांगतलं, वाहून गेली."

"मंग पंचायतीत काहून नाई बोलले तुमी?" जहीरचा आवाज चढला. "काहून चूप बसले?"

"कोनाले सांगू, बापा? तुहा बाप समोर उभा होता. पोरीच्या चपला हातातच होत्या त्याच्या. दहा दिवस झाले तरी हातातच. मी त्या चपलाइकडे पाह्यलं. त्याले म्हनू काय का तुह्या खिळ्यानं तुही पोरगी मारली? तो घरी जाऊन फाशी घेता." डोमाजी थोडा थांबला. "अन् मी खोटं कुठी बोललो? चौदा भरले होते, ते खरंच. फक्त सोळा भरून बी ते नाव कदी बुडली नोती, एवढं नाई सांगतलं."

जहीरला बापाचा भयंकर राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. बाप दर ईदला नमाजहून आला की म्हणायचा, "त्या डोम्यानं माही पोरगी खाल्ली." खिळे आपण मारलेत, वर लाकडाचे तुकडे बसवून लपवलेत, हे तर त्याला ठाऊक होतं! फळी तिथेच चिरली हे कळलं नसेल, पण शंका काय आली नसेल?

"तुमचं काय झालं मंग?" त्यानं विचारलं.

"माह्या पोरीच्या सोयरिकी दोनदा मोडल्या. पोरगा अकोल्याले हमालीले गेला, गावात कोनी काम देत नोतं. पायलले शाळेत बुडव्याची नात मनत." डोमाजी हे सगळं पावसापाण्याचं सांगावं तसं सांगत होता. "पन ते जाऊ दे. मी तुले हात जोडतो. हे खिळे काढून फेकून दे. खुंट्या बसव, चीर बुजव, अन् कोनाले बोलू नको. पायलनं पाटी लिवली हाय, जादा मानसं भरल्यानं बुडाली म्हनून. ते तशीच राहू दे. तुही माय जित्ती हाय. या वयात तिले काहून सांगतो?"

तो जसा आला तसाच गेला. जहीरनं पाणी दिलं तेवढं मात्र प्यायला.

बाळापूरच्या घरात चुलीवरच्या आढ्याला बाभळीच्या खुंट्यांची एक मोळी टांगलेली असे. बाप दरवर्षी दिवाळीच्या आसपास पिकलेल्या बाभळीचा गाभा आणायचा, खुंट्या तासायचा, फडक्यात बांधून धुराला टांगायचा. वर्षभर धूर खाल्ला की खुंटी हाडासारखी होते. नाव तर कधी बांधली नाही, पण मोळी कधी चुकली नाही. घरात गॅस आला तरी कोपऱ्यातली चूल त्या मोळीसाठी राहिली. बाप जाऊन अकरा वर्षं झाली, शेवटची मोळी तशीच होती. तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

त्या दुपारी जहीर स्टुलावर चढून मोळी सोडवत होता. अम्मी, म्हणजे हलीमाबी, पंच्याहत्तरीची, नमाज आटोपून आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांचं माहेर पूर्णाकाठचं. बोली अजूनही तिथलीच होती.

"ते काहून काढून राह्यला? त्याले हात नाई लावत."

"नाव आली दुरुस्तीले, अम्मी."

"कोन्ती नाव?"

इथे जहीरनं खोटं बोलायचं ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"आपा बुडाली ते नाव. वाहून नोती गेली. डोमाजीनं लपवून ठेवली होती. त्याची चूक नोती, अम्मी. अब्बानं तळाले खिळे मारले होते. वरून खुंट्याचे तुकडे बसवले. तिथूनच फाटली."

हलीमाबींनी जहीरच्या हातातल्या मोळीकडे पाहिलं.

"खिळे किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"नऊच कमी पडल्या असतीन," त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

जहीरला काहीच कळलं नाही. तो स्टुलावरून उतरला आणि त्यांच्यापुढे उकिडवा बसला. हलीमाबी त्याच्याशी नाही, मोळीशी बोलत होत्या.

"तू झाला तवा झड लागली होती. आठ दिवस सूर्य नाई. गोवऱ्या वल्या, लाकडं वली. बाजेखाली शेगडी पेटत नोती, तू निळा पडू लागला होता. चुलीवर हे मोळी टांगून होती. कोरडी खटखटीत. मी हात घातला अन् मूठभर खुंट्या शेगडीत टाकल्या. मंग आखीन एक मूठ. बाभळीचा निखारा लय टिकते. तू गरम झाला." त्या थांबल्या. "तुह्या अब्बाले दुसऱ्या दिवशी सांगतलं मी. काईच नाई बोलला. मी इचारलं, मंग नावेचं कसं? म्हने, दुसऱ्या हायेत माह्याजवळ."

पटाशी लोखंडावर आपटली तेव्हापासून जहीर धक्क्यावर धक्के खात होता, पण आपण स्वतः या गोष्टीत आहोत हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. नावेसाठी राखलेल्या नऊ खुंट्यांच्या निखाऱ्यावर तो शेकला गेला होता. वर्षभर धूर खाल्लेल्या खुंट्या ऐन पावसाळ्यात कुठून येणार! बापानं खिळे मारले, आणि बाळंतिणीला बोल लागू नये म्हणून वर लाकडाचे तुकडे बसवले. डोमाजीनं बापासाठी तोंड बंद केलं, बापानं अम्मीसाठी. आणि ज्याच्यासाठी सगळं जळालं तो अठ्ठेचाळीस वर्षं दुसऱ्याला शिव्या देत दरवाजे करत बसला होता.

"अम्मी, तुमाले काय माईत होतं—"

"हे मोळी दरसाल टांगे तो," हलीमाबी त्याचं न ऐकता म्हणाल्या. "नाव नाई, घाट नाई, तरी टांगे. मले वाटे, मले सुनवासाठी टांगते. पाह्य, तू जाळल्या होत्या, म्हनून. मी चूल पेटवू अन् मान वर नाई करू. चाळीस साल स्वयंपाक केला, एकदा वर नाई पाह्यलं." आता कुठे त्यांचा आवाज फुटला. "एक बार बोलला असता रे तो. एक बार मारलं असतं मले."

त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. जेवायला बसत आणि दोन घासांत उठत. जहीरला सांगितल्याचा पश्चात्ताप होत होता. म्हाताऱ्यानं हात जोडून सांगितलं होतं, आणि आपल्याला एक दिवस तोंड आवरलं नाही! तो शेडमध्ये जाऊन काम करत राहिला. चिरलेली फळी बदलली, जुन्या सागाच्या दरवाजाची फळी काढून तासून बसवली. नऊ भोकं गिरमिटानं पाडली आणि बापाच्या शेवटच्या मोळीतल्या नऊ खुंट्या हातोडीनं एकेक ठोकल्या. बापानं मरणाआधी केलेली खुंटी भोकात इतकी नेमकी बसत होती की जहीरला प्रत्येक वेळी हुंदका येत होता, आणि त्यामुळे एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी हलीमाबी काठी टेकत शेडमध्ये आल्या. नावेभोवती एक फेरी मारली.

"पहिली खेप कोन बसनार?"

"प्रदर्शनाची नाव आहे, अम्मी. पान्यात नाई जानार. कॉलेजच्या हॉलमंदी ठेवतीन."

"पान्यात न जाता पक्की कशी समजन?" त्यांनी विचारलं. "पोरीले फोन कर. मनाव, आज्याले घेऊन घाटावर ये."

पायलला आधी काहीच उमगलं नाही. जहीरनं तिला फोनवर सगळं सांगितलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "काका, मी ती पाटी माझ्या हातानं रंगवली आहे हो."

डिसेंबरातल्या एका सकाळी टेम्पो नाव घेऊन दहीघाटावर उतरला. खाली बंधारा झाल्यामुळे पूर्णेला अजून पुरुषभर पाणी होतं. बातमी फुटायची ती फुटलीच होती. अर्धं गाव काठावर जमलं होतं, काही जण पुलावरून मोबाइल धरून उभे होते. डोमाजी सगळ्यांपासून दूर, चिंचेखाली एकटा होता. नाव पाण्यात सोडली तेव्हा तो हळूहळू पुढे आला आणि त्यानं न विचारता बांबू हातात घेतला.

"डोम्याच्या नावेत बसू राह्यले," गर्दीतला एक म्हातारा हसत म्हणाला. "तैरता येते ना बाई?"

हलीमाबी वळल्या. त्यांच्या अंगात फारसं बळ नव्हतं, पण आवाज घाटभर गेला.

"तैरता माह्या पोरीले येत नोतं. तिची नाव यानं नाई बुडवली. फळी फाटली होती. फळी माह्या घरची, खिळे माह्या घरचे. खुंट्या म्या जाळल्या. ऐकलं काय सगळ्याईनं? अठ्ठेचाळीस साल या मानसाले तुमी बुडव्या म्हनलं. मी बी म्हनलं. आता कोनी म्हनू नका."

हसणारा म्हातारा दुसरीकडे बघू लागला. पण सगळ्यांत जास्त हादरला तो डोमाजी. खुंट्या जळाल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. बांबू हातात धरून तो हलीमाबींकडे पाहतच राहिला. चष्म्याखालून पाणी गालावर आलं तरी त्यानं पुसलं नाही.

"भाबी," तो म्हणाला, "मी म्हनलं होतं याले, का सांगू नको."

"तुमी लय सांभाळलं, डोमाजी," हलीमाबी म्हणाल्या. "आता मले पलीकडे सोडा."

पायलच्या काखेत रंगवलेली पाटी होती. ती तिनं उलटी करून गवतावर ठेवली.

हलीमाबींनी काठावर चपला काढल्या आणि जहीरच्या हातात दिल्या. वाकून पाण्याचा हात नावेला लावला. जहीर आणि पायलनं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना आत बसवलं. डोमाजीनं बांबू रेटला. इतक्या वर्षांनंतरही त्याचा हात विसरला नव्हता. नाव डुलली, सरळ झाली आणि निघाली.

जहीर जिथे उभा होता तिथेच कधीतरी त्याचा बाप उभा होता. त्याच्या हातात चपला होत्या, तशाच याच्याही हातात. नदी मोठी नव्हती, पण जहीरला ती पार होईना. मध्यावर नाव क्षणभर थांबल्यासारखी वाटली. हलीमाबी खाली वाकल्या होत्या. नावेच्या तळाला तळहात फिरवत होत्या, या फळीवरून त्या फळीवर, सावकाश. मग त्यांनी तो हात वर करून डोमाजीला दाखवला. कोरडा होता. डोमाजीनं मान हलवली आणि पुन्हा बांबू टेकवला.

नाव पलीकडच्या चिखलात शिरली. डोमाजीनं हात दिला, हलीमाबी उतरल्या, पदर सावरला. त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी नेले.

"पोचलीऽऽ!"

आवाज बारीक होता, मध्येच चिरकला, पण आला. जहीरनं हात वर केला. त्याच्या शेजारी पायल हमसून हमसून रडत होती. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या बाया, ज्या त्या दिवशीही इथेच होत्या, पदराचा बोळा तोंडाला लावून खाली बसल्या.

नाव परत आली. हलीमाबी उतरल्या तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखले होते. जहीरनं वाकून चपला त्यांच्या पायांपुढे ठेवल्या, आधी उजवी, मग डावी, आणि त्या घालेपर्यंत तो तसाच वाकून राहिला.